भरमार विकत घेताना: आधी नंबर, मग नळी, लाकूड सगळ्यात शेवटी

विदर्भात ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) जुनी बंदूक, म्हणजे आपली भरमार, साधारण दोन घरांतून विकायला निघते. एक म्हणजे जुन्या मालगुजाराचा वाडा. तिथे आजोबांच्या काळची विलायती शिकारी बंदूक निघते, नळीवर नक्षी, दस्त्यावर चांदीची पट्टी. दुसरं म्हणजे साध्या कास्तकाराचं घर, जिथे पीक संरक्षणाच्या परवान्यावर एकनळी घेतलेली असते, आणि आता मुलगा पुण्याला नोकरीला लागल्यामुळे जागलीवर, म्हणजे रात्री पिकाच्या राखणीला, जाणारं कोणी उरलेलं नसतं. दोन्हींतला माल चांगला निघू शकतो. तिसरीही एक बंदूक असते. ती जंगलपट्ट्यातल्या कुठल्यातरी भट्टीवर पाण्याच्या पाइपापासून बनवलेली, बिननंबरी, ‘घेऊन जा, कोण विचारतो’ म्हणून दाखवली जाते. तिला हातसुद्धा लावू नका. बिनपरवाना बंदूक सापडली तर शस्त्र कायद्याच्या कलम 25 खाली 2 ते 5 वर्षांची कैद आहे. शिवाय असली नळी फुटली की पहिली बोटं धरणाऱ्याचीच जातात.

बंदूक पाहायला गेलेला माणूस आधी दस्ता कुरवाळतो, मग घोडा ओढून पाहतो आणि कागद सगळ्यात शेवटी मागतो. हा क्रम नेमका उलटा करायचा.

कागद

‘इतकी जुनी आहे, हिला लायसन लागत नाही’ हे वाक्य विकणाऱ्याकडून हमखास ऐकायला मिळतं. ते चूक आहे. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 45 मध्ये सूट आहे, पण ती जुन्या किंवा मोडक्या हत्यारांपैकी जे दुरुस्त करूनही चालणार नाही अशालाच. घोडा पडतो, नळी मोकळी आहे, नुसती निपल (नळीच्या मागची, जिच्यावर ठिणगीची टोपी बसते ती भोकाची छोटी खुंटी) बदलली की वाजेल, अशी भरमार शंभर वर्षांची असली तरी कायद्याच्या दृष्टीने बंदूकच.

म्हणून परवाना आधी, बंदूक नंतर. कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नाव घेऊन केला आहे, त्यामुळे कास्तकाराने मागावा असा हाच सरळ परवाना. अर्ज ऑनलाइन भरायचा. सोबत सातबारा, ओळखपत्रं आणि शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. पोलिसांचा अहवाल जातो आणि निर्णय जिल्हाधिकारी घेतात. नागपूर आणि अमरावती शहरात तो अधिकार पोलीस आयुक्तांचा आहे. परवान्यावर शस्त्राचा प्रकार लिहिलेला असतो: एसबीएमएल म्हणजे एकनळी ठासणीची, डीबीएमएल म्हणजे दुनळी. एकनळीच्या परवान्यावर दुनळी घेता येत नाही, मग ती कितीही स्वस्त मिळो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, हेही हिशेबात धरा.

विदर्भातल्या कास्तकाराला एक कलम विशेष लागू पडतं आणि नेमकं तेच बहुतेकांना ठाऊक नसतं. वन्यजीव कायदा 1972 च्या कलम 34 प्रमाणे अभयारण्याच्या 10 किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. जुना परवानाधारक असेल तर त्यालाही वनखात्याकडे नोंदणी करावी लागते. ताडोबा, मेळघाट, नागझिरा, बोर, टिपेश्वर, उमरेड-कऱ्हांडला एवढी नावं घेतली तरी किती गावं या पट्ट्यात येतात ते कळतं. तुमचं गाव त्यात असेल तर आधी ही संमती मिळवा, इसार नंतर द्या.

विक्रीचा नियम कलम 5 मध्ये आहे. खासगी परवानाधारक दुसऱ्या परवानाधारकाला बंदूक विकू शकतो, पण त्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलं पाहिजे, आणि त्यानंतर किमान 45 दिवस गेले पाहिजेत. पोच घेतलेल्या अर्जाची झेरॉक्स मागून घ्या आणि दिवस त्या पोचेवरच्या शिक्क्यापासून मोजा. ‘सांगून ठेवलंय ठाण्यात’ याला किंमत नाही.

परवानाधारक वारला असेल तर गुंता वाढतो. मुलाच्या नावावर परवाना झालेला नसताना बंदूक घरात भिंतीवर टांगलेली असेल, तर ती आत्ता बेकायदा आहे, आणि तुम्ही ती तिथून उचलली तर तुम्हीही त्यात अडकता. कलम 21 प्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा व्हायला हवी. तिथे जमा झाल्यावर वारसाला ती पात्र माणसाला विकता येते, पण तीही ठरावीक मुदतीत, नाहीतर सरकारजमा होते. त्यामुळे जमा केल्याची पावती पाहा, तारखेसकट.

आणि शिकार? नाव शिकारी बंदूक असलं तरी वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर, रोही (नीलगाय) पिकात शिरले तरी वनखात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय गोळी घालता येत नाही. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ताच असतं, मटण घरी नेता येत नाही. शस्त्र परवाना वेगळा आणि ही परवानगी वेगळी. बंदूक घेतली की दुसरी आपोआप मिळाली असं समजणारे फसतात.

नंबर

बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा मान्य ओळखखूण नसलेली बंदूक विशेष परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि नंबर खोडणं-बदलणं हा वेगळा गुन्हा आहे. त्यामुळे परवान्यावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर अक्षर-अक्षर जुळवा. जुना ठसा गंजाने बुजलेला असतो. पांढरा खडू आडवा घासा आणि बोटाने पुसा, खाचेत पांढरं राहतं आणि आकडा उठून दिसतो. त्याच वेळी खाचेच्या कडा पाहा. आजूबाजूचं लोखंड खड्ड्याखड्ड्यांचं, कडा झिजलेल्या आणि आकडा मात्र काल मारल्यासारखा धारदार असेल, तर तो कालच मारलेला आहे. बंदूक खाली ठेवा आणि निघा.

विलायती नळीवर चाचणीचे शिक्के असतात. बर्मिंगहॅमचा शिक्का म्हणजे एकमेकांवर फुली मारलेले दोन राजदंड आणि वर मुकुट. लंडनचा म्हणजे मुकुटाखाली गुंफलेली जी आणि पी ही अक्षरं. बेल्जियममधल्या लीजचा अंडाकृती असतो, आत ई, एल, जी ही अक्षरं आणि तारा. हे शिक्के बहुधा नळीच्या खालच्या अंगाला असतात, दस्त्यातून नळी काढल्याशिवाय दिसत नाहीत. तिथेच 12, 14, 16 असा आकडाही सापडतो. एक पौंड शिशाच्या तेवढ्या सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक नळीत बसेल, असा त्याचा अर्थ. 12 म्हणजे सुमारे 18.5 मिलिमीटर, 14 म्हणजे 17.6, 16 म्हणजे 16.8 आणि 20 म्हणजे 15.6.

घोड्याच्या पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ हा शब्द दिसला की विकणारा ‘ब्रिटिश मिल्ट्रीची’ म्हणून भाव चढवतो. तो शब्द देशी कारागिरांनीही सर्रास कोरलेला आहे. पट्टीवरचं साल हे फक्त पट्टीचं साल, नळी कुठलीही असू शकते.

आधी बघा, भरलेली तर नाही

भिंतीवरून उतरलेली भरमार भरलेली निघणं नवलाचं नाही. पूर्वी जागलीवरून आल्यावर ठासलेली बंदूक तशीच टांगून ठेवायची रीत होती, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनीही तेवढीच पेटते. म्हणून हातात घेतल्यावर पहिलं काम हे.

निपलवर टोपी आहे का पाहा, असेल तर काढा. तोंड माणसांपासून दूर, तुमचंही डोकं बाजूला. आता लाकडाची सरळ काठी नळीत तळापर्यंत सोडा. बंदुकीसोबतचा ठासायचा गज वापरू नका, तो बरेचदा तुटून आखूड झालेला असतो. पाच फूट काठी बरोबर न्या. नळीच्या तोंडाशी काठीवर खडूने खूण करा, काठी बाहेर काढा आणि खूण तोंडाशी जुळवून नळीवर बाहेरून आडवी धरा. काठीचं खालचं टोक निपलच्या जवळपास आलं तर नळी रिकामी. दोन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे: दारू-छर्रे, चिंधी, नाहीतर कुंभारीण माशीचं मातीचं घर. कुठलंही असो, तिथेच उकरत बसू नका. नळी तापवणं तर अजिबात नको. बंदूक आत्ता ज्याच्या परवान्यावर आहे त्याने ती परवानाधारक कारागिराकडे न्यावी. तो नळीत पाणी मुरवून दारू मारतो आणि मग इस्क्रूच्या गजाने ऐवज ओढून काढतो. नळीच्या तोंडाला तोंड लावून फुंकून पाहण्याची सवय असलेले लोक आहेत. तसं कधीच करू नका.

नळी

बंदुकीची किंमत नळीत असते, आणि नळीची किंमत तिच्या मागच्या एक वीतभर भागात. दारू तिथे जळते. काळ्या दारूच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर घन राखेच्या रूपात उरतो. त्यात क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढतात. वाजवून झाल्यावर दोन दिवस न धुता ठेवलेली बंदूक आपल्या श्रावणात आतून लाल होते. तोंडाशी आरशासारखी आणि तळाशी खड्डे, अशा नळ्या म्हणूनच जास्त.

तळ पाहायला दोऱ्याला बांधलेला छोटा एलईडी दिवा आत सोडा आणि वरून एका डोळ्याने पाहा, अर्थात नळी रिकामी आहे याची खात्री झाल्यावरच. मग पांढऱ्या सुती कापडाची चिंधी काठीला घट्ट गुंडाळून तळापर्यंत न्या आणि हळू ओढा. हाताला जे कळतं ते दिव्याला कळत नाही. सारखी घसरत आली तर उत्तम. एका जागी एकदम सैल झाली तर तिथे नळी फुगलेली आहे. खरखरत आणि धागे ओढत आली तर खड्डे आहेत. चिंधीवर काळं आलं तर राख, पिवळट-तांबडं आलं तर गंज. तांबडी पूड पुन्हापुन्हा निघत राहिली तर तो गंज अजून जिवंत आहे.

बाहेरून नळी डोळ्यांसमोर आडवी धरा आणि खिडकीच्या चौकटीची सावली तिच्यावरून सरकवत न्या. सावलीची रेघ जिथे वाकेल तिथे फुगवटा. अंगठीसारखा गोल फुगवटा येतो तो गोळी दारूवर टेकवून न ठासल्यामुळे. मध्ये पोकळी राहते आणि दाब त्या जागी आदळतो. हा दोष दुरुस्त होत नाही.

शक्य असेल तर नळी दस्त्यातून काढायला सांगा आणि दोरीने टांगून लाकडाच्या तुकड्याने हलकेच वाजवा. चांगली नळी बैलाच्या गळ्यातल्या घंटेसारखी लांबपर्यंत वाजते. ठप्प आवाज आला तर चीर असेल किंवा बूच (नळीचं मागचं तोंड बंद करणारा आट्यांचा तुकडा) ढिलं झालं असेल. दुनळी असेल तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली असू शकते. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर ती पोलाद-लोखंडाच्या पट्ट्या पिळून जोडलेली नळी आहे. काळ्या दारूला ती चालते, पण तिचा गंज जोडांत लपतो. असली नळी दिव्याने दुप्पट वेळ पाहा.

मागचं बूच नळीला मिळतं ती रेघ भिंगाने पाहा. तिथे काळी किंवा पांढरट पूड जमलेली असेल तर धूर त्या वाटेने निघतोय. बूच खोलून दाखवायचा हट्ट धरू नका, शंभर वर्षांचे आटे जबरदस्तीने फिरवले की नेमके तेव्हाच तुटतात. मात्र तिथे वेल्डिंगची माळ दिसली तर सौदा संपला.

नळी कापलेली नाही ना, तेही पाहा. परवान्याशिवाय नळी आखूड करणं कायद्याने मना आहे. नेम धरायचा पुढचा माशी-बिंदू गायब असणं, तोंडाची कड तिरपी किंवा करवतीच्या रेघांची असणं, गज नळीपेक्षा लांब असणं, या कापल्याच्या खुणा.

आता रायफलबद्दल. आपल्याकडे ठासणीच्या बहुतेक बंदुका साफ नळीच्या असतात, छर्ऱ्याच्या. खरी ठासणीची रायफल, आत पीळदार आट्यांची, क्वचित सापडते, आणि सापडली तर बहुधा 1853 च्या एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली. मूळ एनफिल्ड .577 इंची, नळी 39 इंच, तीन आटे, 78 इंचांत एक पूर्ण पीळ. 1857 नंतर देशी पलटणींना त्याच बांध्याच्या पण साफ नळीच्या बंदुका दिल्या गेल्या, आणि पुढे कित्येक रायफलींचे आटेही खरवडून काढले गेले. त्यामुळे बाहेरून एनफिल्ड दिसते म्हणून रायफलीचा भाव देऊ नका. आटे मोजा. पीळ मोजायचा तर हातात मोकळी फिरेल अशा मुठीच्या गजाला घट्ट चिंधी लावा, तळापासून ओढा आणि गज पाव फेरा फिरेपर्यंत किती इंच बाहेर आला ते पाहा. त्याची चौपट म्हणजे पीळ. 60-70 इंचांचा सावकाश पीळ गोल गोळीला मानवतो, 28 इंचांच्या आसपासचा लांबट गोळीला. आट्यांच्या कडा तोंडाशी गजाने झिजतात, म्हणून मापही तोंडाच्या थोडं आत घ्या. आणि परवान्यावर साफ नळीची बंदूक लिहिलेली असताना रायफल घ्यायची असेल, तर आधी कार्यालयात लेखी विचारा.

घोडा आणि निपल

कोरडा घोडा निपलवर आपटू नका. सायकलच्या ट्यूबचा जाड तुकडा मध्ये धरा. घोडा हळू ओढा, दोन स्वच्छ टकटक ऐकू आल्या पाहिजेत, अर्ध्यावर एक आणि पूर्ण ओढल्यावर एक. अर्ध्या घोड्यावर चाप जोराने दाबा, पडता कामा नये. पूर्ण घोड्यावर चापाला हात न लावता अंगठ्याने घोडा पुढे ढकला, तरीही पडता कामा नये. दोन्हींपैकी कुठेही पडला तर आतली खाच झिजली आहे. दुरुस्त होते, पण काम कसबी कारागिराचं आहे. दुनळीत एक घोडा पाडल्यावर दुसरा जागेवर राहतो का, हे तीन-चार वेळा पाहा.

घोड्याची वाटी निपलला मधोमध झाकते ना? एका बाजूला आदळत असेल तर टोपीचे तुकडे डोळ्यांकडे उडतात. निपलचं भोक नवं असताना पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतं. एक मिलिमीटरची तार सहज आत गेली तर ते जळून मोठं झालंय. असल्या निपलमधून धूर मागे उसळतो आणि घोडा उलटा फेकला जातो. निपल स्वस्त असते, पण आट्यांचं माप जुळलं पाहिजे. इंची आणि मिलिमीटरी आटे दिसायला सारखे असतात. चुकीची निपल दोन फेरे जाते आणि अडकते, मग कोणीतरी पाना लावून निपल बसायच्या जागेचे आटेच खातो. त्या जागेचे आटे गेले असतील तर तो नळीचाच दोष समजा.

लाकूड

इथे फार वेळ घालवू नका. मुठीजवळचा बारीक भाग, जिथून धक्का जातो, तिथली चीर तेवढी शोधा. त्या जागी पितळी तार किंवा चामडं गुंडाळलेलं असेल तर ते शोभेसाठी नसतं. अक्रोड, शिसव टिकतात. साग आपल्याकडे आवडीने वापरतात, पण त्याची रेघ मुठीला आडवी गेलेली असेल तर तिथेच तुटतो. वाळवी आणि भुंग्याची भोकं सुईने टोचून पाहा. पट्टीमागचं लाकूड तेलाने काळं-मऊ झालेलं असेल तर इस्क्रू धरत नाहीत.

भाव

गज, निपल, कमान (स्प्रिंग), एखादा इस्क्रू, दस्त्याची पॉलिश ही खर्चाची बाब आहे, तेवढा खर्च भावातून वजा करा. फुगलेली नळी, तळाचे खोल खड्डे, वेल्डिंगचं बूच आणि संशयी नंबर यांना भावच नसतो, फुकट दिली तरी नको. दुरुस्तीही गावच्या लोहाराकडून करून घेता येत नाही, त्यालाही परवाना लागतो. तो खर्च आणि कारागिराकडे जाण्या-येण्याचे हेलपाटे आधीच मोजून ठेवा.

वाजवून पाहण्याचा आग्रह धरा, पण तुम्ही वाजवू नका, कारण बंदूक अजून तुमच्या परवान्यावर नाही. परवानाधारक कारागिराकडे ती जुन्या टायरला बांधून, लांब दोरीने चाप ओढून पाहतात. दारू काळीच, दुकानातून परवान्यावर घेतलेली. बारा बोअरच्या काडतुसातली बिनधुराची दारू या नळीत घालणाऱ्याला कसलाही इशारा मिळत नाही. तिचा दाब काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीला पेलत नाही, आणि नळी पहिलाच बार उडताना फाटू शकते.

45 दिवस संपले, पैसे दिले, की दोन्ही परवाने आणि बंदूक घेऊन कार्यालयात जा. विकणाऱ्याच्या परवान्यावरून ती उतरवून तुमच्यावर चढली पाहिजे, नंबर आणि नळीच्या लांबीसकट. बाबूने लिहिलेला आकडा तिथेच उभं राहून नळीवरच्या आकड्याशी जुळवा. तीनाचा आठ झाला तर पुढच्या नूतनीकरणाला तो तुम्हालाच निस्तरावा लागतो. घरी नेल्यावर नळी गरम पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि तेलाची चिंधी फिरवा. वाडीतल्या मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. तोंड खाली करून, कुलपाच्या पेटीत ठेवा, म्हणजे उरलेलं तेल बुचात मुरून दारू ओली करणार नाही. दारू आणि टोप्या वेगळ्या कुलपात.